पाचातला एक खडा

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, जोगेश्वरी पूर्वेच्या एका सोसायटीच्या ऑफिसात, आमच्या प्रश्नमंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ सदस्याने आपल्या घशाचं ऑपरेशन येत्या गुरुवारी असल्याचं आणि सोबतीला कोण बसणार ते ठरलं नसल्याचं जाहीर केलं. हजर असलेल्या चौघांनी ते एकमताने खोटं ठरवलं. त्या चौघांत मी होते.

हे कसं झालं ते कळण्यासाठी मंडळाची रीत सांगायला हवी. मंडळ पाच जणांचं. ज्येष्ठ सदस्याला सगळे काका म्हणत. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. एक बहीण कुडाळजवळ असते, तिला गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही. दुसरे सर, भूगोलाचे शिक्षक. ज्या सोसायटीच्या ऑफिसात आम्ही बसतो ती त्यांचीच, किल्ली त्यांच्याकडे असते. मॅडम बँकेतून मुदतीआधी निवृत्त झालेल्या, मरोळला काकांच्याच भागात, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या. चौथी एक तरुण मुलगी, घाटकोपरहून मेट्रोने येणारी. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे तिचं काम. पाचवी मी. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी पंचवीसेक वर्षं गेली.

दर रविवारी कोणीतरी एक जण पाच प्रश्नांचा संच आणतो. प्रश्न आणि उत्तर दोन्ही मोठ्याने वाचायचं. पाचपैकी चार उत्तरं खरी असतात, एक खोटं. खोट्याला आम्ही खडा म्हणतो, तांदूळ निवडताना सापडतो तसा. ऐकणाऱ्यांनी तिथल्या तिथे आपला अंदाज सांगायचा. मग आठवडाभर हवं तिथे शोधायचं, विचारायचं, तपासायचं. खडा कुठला ते संच आणणारा पुढच्या रविवारी सांगतो. तोवर त्याने एक शब्द बोलायचा नाही. ही शेवटची अट काकांनी घातलेली, आणि सगळ्यात कडक पाळणारेही तेच. एकदा मॅडमनी त्यांना रस्त्यात गाठून, पिशवीतली भाजी खाली ठेवून विनवलं होतं. काकांनी भाजी उचलून दिली आणि निघून गेले.

खडा ओळखू येता कामा नये. त्यामुळे आम्ही स्वतःबद्दलही खडे टाकू लागलो होतो. वर्षभरापूर्वी मॅडमनी संचात सांगितलं की त्या कायमच्या मुलाकडे कॅनडाला चालल्या आहेत. सरांनी निरोपाचं भाषण सुरू केलं, मुलीचे डोळे भरले. पुढच्या रविवारी मॅडम म्हणाल्या, "खडा. मला थंडी सोसत नाही." तेव्हापासून स्वतःबद्दलच्या उत्तराकडे मंडळात संशयाने बघितलं जाई.

त्या रविवारी संच काकांचा होता. संचाआधी एक कोडं घालायची पद्धत आहे, ते बहुधा काकाच घालतात, मालवणीत. आवाज दिवाळीपासून बसलेला होता. घसा खाकरून ते म्हणाले, "सगळ्यांका घरापर्यंत पोचवता, आपण मात्र भायरच रवता. ओळखा."

"चप्पल," सर म्हणाले.

"रिक्षा," मुलगी म्हणाली. "आमच्या बिल्डिंगमध्ये तर रिक्षावाला गेटच्या आत येतच नाही."

"तुमच्या घाटकोपरात रिक्षा घरापर्यंत तरी येता," काका म्हणाले. "वाट गो. वाट."

सरांनी चप्पलही बसते असा आग्रह धरला. काका म्हणाले, "बसता. पण मी वाट म्हटलंय." विषय संपला.

संच मुलीने वाचला. आवाजामुळे गेले काही रविवार काका आपला फोन तिच्या हातात देत होते. पहिला प्रश्न ऑक्टोपसला किती हृदयं असतात. उत्तर तीन. दुसरा जोगेश्वरीच्या लेण्यात गाभारा कुठे आहे. उत्तर, भिंतीला लागून नव्हे, सभामंडपाच्या मधोमध. तिसरा, मरोळमध्ये काका ज्या कारखान्यात होते त्याचा भोंगा आता वाजतो का. उत्तर, कारखाना बंद झाला, पण भोंगा रोज दुपारी वाजतो. चौथा, आरे कॉलनीतल्या गोठ्यांत गायी जास्त की म्हशी. उत्तर म्हशी.

पाचवा तिने असा वाचला. "येत्या गुरुवारी सकाळी या मंडळातल्या कोणाच्या घशाचं ऑपरेशन आहे, आणि सोबतीचा माणूस म्हणून बाहेरच्या बाकावर कोण बसणार आहे? उत्तर. ऑपरेशन माझं. बाकावर कोण, ते अजून ठरलेलं नाही." पुढे रुग्णालयाचं नाव होतं. ते मरोळ नाक्यापासून जवळ आहे.

"तुझं ऑपरेशन?" मॅडमनी विचारलं.

"माझं नाही हो. काकांचं आहे. मी नुसती वाचतेय ना."

सगळे हसले. काकाही हसले, हे मला नक्की आठवतं.

"हा खडा," सर म्हणाले. "काका, आज फारच सोपा दिलात. म्हातारे झालात."

"कॅनडाचा सूड आहे," मॅडम म्हणाल्या.

"यार, माझ्या तोंडून वदवलंत," मुलगी म्हणाली.

माझ्याकडे बोट करून काका म्हणाले, "पेपरवालीक इचारा." मीही पाचवाच म्हटलं. चार हात वर झाले. काकांनी फोन परत घेतला आणि म्हणाले, "तपासून बघा." सरांनी ऑफिसला कुलूप लावलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "ताई, ते खरं असलं तर?"

"त्यांनाच विचार."

"केला होता फोन. कट केला. मग मेसेज आला, 'खडो आयतवारी.'"

आयतवार म्हणजे रविवार. ऑपरेशन खरं असेल तर ते गुरुवारी होणार होतं. मी काकांना लिहिलं, नियम बाजूला ठेवा, हो किंवा नाही एवढं सांगा. उत्तर आलं, "तपासा." मॅडम त्यांच्या घरी जाऊन आल्या. दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं की काका संध्याकाळी फिरायला जातात, कुठे ते माहीत नाही. रुग्णालयात फोन केला तर पेशंटची नावं सांगत नाहीत असं उत्तर मिळालं.

इथे कोणीही शहाण्याने त्यांच्या दारात ठाण मांडलं असतं. आमच्या हातून तसं झालं नाही. सोमवारी सकाळी सरांनी ग्रुपवर लिहिलं की हे सोडवायचा मार्ग संचातच आहे. पाचात खडा एकच. बाकीची चार उत्तरं खरी निघाली तर पाचवं खोटं, म्हणजे ऑपरेशन नाही. चारातलं एक जरी खोटं निघालं तरी पाचवं खरं, म्हणजे काकांचं ऑपरेशन आहे आणि बाक रिकामा आहे. त्यावर कोणीही हरकत घेतली नाही. उलट सगळ्यांना बरं वाटलं असावं, कारण लगेच कामं वाटून घेतली गेली.

ऑक्टोपस मुलीने दुपारच्या आत निकालात काढला. तीन हृदयं, तीन वेगवेगळ्या ठिकाणी तपासून. म्हशींसाठी ती मंगळवारी ऑफिसला उशिरा गेली. आरेतून जाणाऱ्या बसने एका गोठ्यापाशी उतरली, दुसऱ्या गोठ्यापर्यंत चालत गेली. तिने पाठवलेल्या फोटोंत म्हशीच म्हशी होत्या आणि एका कोपऱ्यात एक गाय, रागाने पाहणारी. खाली तिने लिहिलं होतं, "चौथं खरं. माझे बूट गेले."

सर शाळा सुटल्यावर लेण्यात उतरले. गाभारा मधोमध आहे, असं त्यांनी कळवलं. अर्ध्या तासाने दुसरा मेसेज आला की मधोमध म्हणजे काटेकोर मध्य धरायचा का, कारण त्यांना तो एका बाजूला किंचित सरकल्यासारखा वाटतो. त्यांनी पावलांनी मोजायला घेतलं होतं, पण दर्शनाला आलेल्या बायका मध्ये आल्या आणि मोजणी अर्धवट राहिली. मॅडमनी लिहिलं, "सर, माणसाचा घसा आहे. सेंटिमीटरवर नका नेऊ." सरांनी लिहिलं, "घसा आहे म्हणूनच नेतोय." शेवटी दुसरं खरं धरलं.

भोंग्याबद्दल मॅडम साक्षीदार होत्या. "तिसरं खरंच. मी रोज ऐकते ना. जेवायला बसते तेव्हा वाजतो."

मंगळवारी रात्रीपर्यंत चार उत्तरं खरी ठरली. म्हणजे पाचवं खोटं. मॅडमनी लिहिलं, "सुटलो." मुलीने हसऱ्या चेहऱ्याचं चित्र टाकलं. सरांनी काकांना उद्देशून लिहिलं, "रविवारी चहा तुमच्याकडून." काका ग्रुपवर सगळं वाचत होते. वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या. ते काही बोलले नाहीत. बोलणार नव्हतेच.

मी सुटले नव्हते. नेमकं काय खुपतंय ते सांगता येत नव्हतं. बसलेला आवाज दोन्ही बाजूंनी पुरावा होता. ऑपरेशन खरं असेल तर तो त्याचं कारण, आणि खडा असेल तर बसलेल्या आवाजाचा त्यांनी उपयोग करून घेतला. काका मुलीकडून संच वाचून घेत होते, तेही तसंच. हसले होते, तेही तसंच. आठवलेली प्रत्येक गोष्ट दोन्हीकडे बसत होती. डेस्कवर अशी बातमी आली की आम्ही एकच विचारायचो, कोणी पाहिलं? ऑक्टोपसचं लिहिलेलं होतं, म्हशी पाहिल्या होत्या, गाभारा पाहिला होता. भोंगा फक्त ऐकलेला होता.

बुधवारी दुपारी मी मरोळला गेले. काकांचा कारखाना शोधायला वेळ लागला, कारण त्याच्यावर आता एका कुरिअर कंपनीची पाटी आहे. लागून दुसरा कारखाना आहे, तो चालू आहे. जुन्या इमारतीच्या छपरावर लोखंडी खांब, खांबावर भोंगा, कर्ण्यासारखा, गंजलेला. रस्त्याच्या पलीकडून तो नीट दिसत होता. त्याच्या तोंडात काटक्या, तारा आणि काहीतरी निळं प्लॅस्टिक कोंबलेलं होतं. कावळ्याचं घरटं. कावळा आत बसलेला होता.

मग भोंगा वाजला. लांब, एकसुरी, आणि कुठून ते कळेना. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवरून आवाज परतत होता. एकदा वाटलं समोरून, एकदा मागून. मी खांबाकडे बघत राहिले. भोंगा वाजत होता तेवढा वेळ कावळा जागचा हलला नाही. मानही वळवली नाही. आवाज थांबला तेव्हा शेजारच्या कारखान्यातून डबे हातात घेतलेली माणसं बाहेर पडली.

मी तिथूनच लिहिलं, काका वाचतात त्या ग्रुपवर नाही, फक्त बाकीच्या तिघांना. "तिसरं खोटं. वाजतो तो शेजारचा. काकांच्या भोंग्यात कावळा राहतो. म्हणजे पाचवं खरं."

त्यावर जे झालं त्याला चर्चा म्हणता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, मी इतकी वर्षं कोणाचा भोंगा ऐकते मग? मुलीने विचारलं, कावळे बहिरे असतात का? सर म्हणाले, एक कावळा हा पुरावा होत नाही, त्या छपरावर दुसरा भोंगा असू शकतो, आणि शिवाय काकांनी दोन खडे टाकले असतील तर? मॅडमनी लिहिलं, काका मरतील पण दोन खडे टाकणार नाहीत. मग ते वाक्य त्यांनी पुसलं. मी काकांना फोन केला. त्यांनी उचलला, ऐकून घेतलं आणि ठेवला. मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. येऊ का, असं विचारलं असावं. रात्री सरांनी मतदान घेतलं. दोन खरं, दोन खोटं. सर खोट्याच्या बाजूने होते.

गुरुवारी सकाळी मी रुग्णालयात गेले. ऑपरेशनचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. दाराबाहेर स्टीलचा बाक होता. बाकावर सर बसले होते, मांडीवर तपासायचे पेपर.

"तुम्ही तर खोटं म्हणालात," मी म्हटलं.

"अजूनही म्हणतो. नाहीये ते इथे, बघा तुम्ही. मी फक्त खात्री करायला आलोय."

"शाळा?"

"पहिले दोन तास ऑफ घेतले."

मॅडम जिन्याने धापा टाकत आल्या, हातात थर्मास. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं कोणी नसेल." शेवटी मुलगी आली, ऑफिसची बॅग पाठीवर, गळ्यात ओळखपत्र. ती टोकाला बसली. बाक तिघांचा होता. चौघं कसेबसे मावलो. काका आत आहेत की नाहीत हे अजून कोणालाच माहीत नव्हतं आणि ते विचारायला उठायची कोणाची तयारी नव्हती. आपण उठलो तर जागा जाईल असं वाटत होतं की काय, सांगता येत नाही.

दार उघडून नर्स बाहेर आल्या. त्यांनी काकांचं पूर्ण नाव घेतलं. आम्ही ते नाव एकत्र असं कधी ऐकलं नव्हतं. "यांच्यासोबत कोण आहे?" त्यांनी विचारलं. चौघंही उभे राहिलो.

"एकच लागतो. नातं काय?"

सर म्हणाले, "मंडळ."

"भजनी मंडळ?"

"प्रश्न विचारतो आम्ही एकमेकांना," मुलगी म्हणाली.

नर्सनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "मग इथे नका विचारू. शांत बसा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने काकांना ढकलगाडीवरून नेलं. डोक्याला हिरवी टोपी, चष्मा काढलेला. त्यांनी बाकाच्या दिशेने पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना किती दिसलं असेल, माहीत नाही. सर पुटपुटले, "अरेच्चा." नंतर त्यांनी पेपर पिशवीत टाकले आणि ऑपरेशन संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत. दुसऱ्या तासानंतर शाळेत जायचं होतं, तेही ते गेले नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. स्वरयंत्रावरची गाठ काढून तपासणीला पाठवली. ती साधी निघाली, हे पुढच्या आठवड्यात कळलं. आवाज कितपत परत येईल ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. तोवर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, असं बजावलं.

रविवारी मंडळ वॉर्डात भरलं, भेटीच्या वेळेत. काका उशीला टेकून बसले होते. सरांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काका, खडा कुठला?"

आम्ही चौघांनी तिसरा धरला होता. आता त्यात शंका उरली नव्हती. पाचवा खरा निघाला होता, म्हणजे खडा भोंगाच.

काकांनी हात वर केला. पाच बोटं.

"पाचवा?" मॅडम म्हणाल्या. "असं कसं? ऑपरेशन झालं की तुमचं. ही काय पट्टी बांधलीय मग?"

काकांनी पाच बोटं तशीच धरली. मुलीने विचारलं, "ऑपरेशन खोटं?" त्यांनी मान आडवी हलवली. "बाक? बाकाचं उत्तर खोटं? ठरलं नव्हतं ते खोटं?" काकांनी मान उभी हलवली.

"म्हणजे कोण बसणार ते तुमचं आधीच ठरलं होतं," सर सावकाश म्हणाले. काकांनी पुन्हा होकार दिला.

"कोण?"

काकांनी बोट दाखवलं. मुलीने आपला फोन लिहायला पुढे केला, तो त्यांनी उशाखाली सरकवला. बोट नेमकं कोणाकडे होतं याबद्दल एकमत नाही. सर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, मॅडम त्यांच्याशेजारी, मी आणि मुलगी जरा मागे. मॅडमच्या मते बोट त्यांच्याकडे होतं. सरांच्या मते सरांकडे. मुलगी म्हणते, बोट फिरत होतं. मला ते दाराकडे दाखवल्यासारखं वाटलं.

"आणि भोंगा?" मी विचारलं. "तो खरा?"

काकांनी तळहात कानामागे धरला, ऐकल्यासारखं केलं आणि मान हलवली. भोंगा खरा होता. ते तो रोज दुपारी घरातून ऐकतात, हे त्यांनी खुणेने सांगितलं. मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मुलीने फोन परत मागितला, काकांनी दिला.

त्यानंतर काका दोनदा मंडळात आले आहेत. संच अजून मुलगीच वाचते. भोंग्यातल्या कावळ्याबद्दल आमच्यापैकी कोणी त्यांना सांगितलेलं नाही.